नळ दिल्लीच्या हातात, घागर आमच्या डोक्यावर



कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या जिल्हा बैठकीत कोल्हापूरच्या उसाची गोष्ट कशाला, असे कुणी विचारील. विचारणे रास्त आहे. ज्यांच्या रानाला पाटाचे पाणी नाही, ज्यांचे सगळे वर्ष मृगाच्या आणि परतीच्या पावसावर टांगलेले, त्यांना पंचगंगाकाठच्या बागायतदाराचे दुखणे दूरचे वाटते. त्यांना कारखाना आहे, पाणी आहे, बँक आहे, त्यांचे काय बिघडणार, असे आपण पारावर बसून म्हणतो. पण जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, ही म्हण आपल्याच घरातली आहे. २०२३ च्या डिसेंबरात कोल्हापूरचा ऊस जात्यात होता. आज सुपात आपले धान्य आहे. म्हणून ही गोष्ट ऐकायची.

गोष्ट आहे देशाच्या ऊर्जा धोरणाची आणि हवामान धोरणाची. शब्द मोठे आहेत, अर्थ साधा आहे. पेट्रोल आणि कोळसा कमी जाळायचा आणि त्याची जागा शेतातून उगवणाऱ्या, उन्हातून आणि वाऱ्यातून मिळणाऱ्या ऊर्जेने भरायची. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगोच्या जागतिक परिषदेत पंतप्रधानांनी जगाला शब्द दिला की २०७० पर्यंत भारत हवेत जेवढा कार्बन सोडील तेवढाच शोषून घेईल. शब्द दिल्लीने दिला. तो पाळायला लागणारा ऊस कुणाचा? मका कुणाचा? पऱ्हाटी कुणाची? सौरपट्ट्या मांडायला लागणारी जमीन कुणाची? सगळे शेतकऱ्याचे. ठरवताना विचारले कुणाला? शेतकऱ्याला सोडून सगळ्यांना.

एका पत्राने भट्ट्या विझल्या

आधी कोल्हापुरात काय घडले ते तारखांसह बघू.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०१३-१४ मध्ये दीड टक्का होते. सरकारने २०३० पर्यंत २० टक्क्यांचे लक्ष्य धरले आणि पुढे ते २०२५-२६ वर आणले. साखर कारखान्यांना सांगितले, साखर फार झाली, इथेनॉल करा. डिस्टिलरी उभारायला २०१८ पासून व्याजात सवलत दिली. कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांनी कर्जे काढली, टाक्या उभ्या केल्या, नुसत्या मळीवर न थांबता थेट उसाच्या रसापासून इथेनॉल करण्याची तयारी केली. कर्ज कारखान्याच्या नावावर, पण सहकारी कारखान्याचा मालक म्हणजे शेअर घेतलेला ऊस उत्पादक. ओझे शेवटी त्याच्याच पाठीवर.

९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीत जी-२० परिषद भरली असताना जागतिक जैवइंधन आघाडीची घोषणा झाली. अन्नदाता आता ऊर्जादाता होणार, अशी भाषणे झाली. नोव्हेंबरात कोल्हापूरजवळ शिरोलीला ऊस उत्पादकांनी महामार्ग अडवला. मागच्या हंगामाचे टनाला १०० रुपये जादा द्या, अशी मागणी होती. साखर आणि इथेनॉल विकून कारखान्यांनी पैसे कमावले, त्यातला वाटा शेतकरी मागत होता.

आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राच्या अन्न खात्याचे पत्र आले. २०२३-२४ च्या वर्षात उसाचा रस आणि पाक इथेनॉलसाठी वापरायचा नाही. ताबडतोब. गळीत हंगाम सुरू, गाड्या अड्ड्यावर उभ्या, तेल कंपन्यांशी करार झालेले, आणि चालू भट्टी विझवण्याचा हुकूम. आठवड्याने, १५ डिसेंबरला, सरकारने थोडी माघार घेतली आणि देशभर मिळून १७ लाख टन साखरेएवढा ऊस इथेनॉलकडे वळवायला परवानगी दिली. बंदी पूर्ण उठली ती २९ ऑगस्ट २०२४ रोजी, पुढच्या हंगामासाठी.

या बंदीचे कारण काय होते? २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. महाराष्ट्र-कर्नाटकात ऊस कमी येणार, साखर कमी पडेल, भाव वाढतील, आणि पुढच्या उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक. शहरातल्या चहाच्या कपातली साखर महाग होऊ नये म्हणून कोल्हापूरच्या शेतकऱ्याच्या घामाला कुलूप. साखरेची निर्यात आधीच रोखलेली होती. म्हणजे बाहेर विकायची नाही, इंधन करायचे नाही, इथेच स्वस्तात ओतायची.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. २०२२-२३ मध्ये उसाची एफ.आर.पी. क्विंटलला ३०५ रुपये होती, २०२५-२६ साठी ती ३५५ झाली. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा सरकारी दर २०२२-२३ मध्ये लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता, तो त्यानंतरच्या हंगामांतही तिथेच थांबला. एका हाताने शेतकऱ्याला भाववाढ दिल्याचे दाखवायचे आणि दुसऱ्या हाताने ती भाववाढ जिथून द्यायची त्या मालाचा दर गोठवायचा. मग कारखाना म्हणतो पैसे नाहीत. ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल द्यावे हा कायदा आहे, पण ओढाताण सुरू झाली की पहिले थांबते ते शेतकऱ्याचे बिल.

संसद चालू होती, विचारले कुणी नाही

हे पत्र आले तेव्हा दिल्लीत संसदेचे हिवाळी अधिवेशन चालू होते. ४ डिसेंबरलाच ते सुरू झाले होते. तिकडे दुबईत जगाची हवामान परिषद भरलेली होती आणि खनिज तेल-कोळशापासून दूर कसे जायचे यावर देशोदेशीचे मंत्री खल करीत होते. दुबईत आपले सरकार जैवइंधनाचे गुण गात होते आणि त्याच आठवड्यात दिल्लीतून जैवइंधनाच्या भट्ट्या बंद करणारे पत्र सुटत होते.

देशाच्या ऊर्जा धोरणात एवढा मोठा फेरबदल करायचा, लाखो शेतकऱ्यांच्या हंगामावर बोळा फिरवायचा, तर संसद दाराशी उघडी होती. मांडला असता ठराव, केली असती चर्चा. कोल्हापूर आणि हातकणंगल्याच्या खासदारांनी उठून सांगितले असते की आमच्या रानात काय होणार आहे. पण त्याची गरजच ठेवलेली नाही. अत्यावश्यक वस्तूंचा कायदा १९५५ सालचा आहे. साखर नियंत्रणाचा आणि ऊस नियंत्रणाचा हुकूम तेव्हा १९६६ सालचा होता. या कागदांच्या जोरावर दिल्लीतला एक अधिकारी सही करतो आणि गावोगावच्या चुली विझतात. त्याच अधिवेशनात विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित झाले. उरलेल्या सभागृहाने शेतकऱ्याच्या इथेनॉलवर काय चर्चा करायची होती?

संसदेत ऊर्जेवर चर्चा होतच नाही असे नाही. ८ ऑगस्ट २०२२ या एकाच दिवशी लोकसभेत ऊर्जेची दोन विधेयके होती. ऊर्जा संवर्धन दुरुस्ती विधेयक त्या दिवशी मंजूर झाले. राज्यसभेने ते १२ डिसेंबर २०२२ ला मंजूर केले. त्यात कारखान्यांनी किती टक्के ऊर्जा कोळसा-तेलाशिवायची वापरावी, मोठ्या इमारती कशा बांधाव्यात, कार्बन क्रेडिटचा बाजार कसा भरवावा, हे सगळे आले. ज्या शेतकऱ्याच्या रानातून ही बिगर-कोळशाची ऊर्जा यायची, त्याला तिचा भाव काय मिळणार, हे त्यात आले नाही.

दुसरे होते वीज दुरुस्ती विधेयक. ते त्याच दिवशी मांडले गेले. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी वर्षभर बसले होते, तेव्हा ९ डिसेंबर २०२१ च्या सरकारी पत्रात लिहून दिले होते की शेतकऱ्यांवर परिणाम करणाऱ्या तरतुदींची आधी चर्चा होईल, मगच विधेयक संसदेत येईल. आठ महिन्यांत ते विधेयक सभागृहात आले. ओरड झाली म्हणून स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळले. २०२५ च्या ऑक्टोबरात नवा मसुदा निघाला आहे. मसुदे येतात आणि जातात. शेतकऱ्याला विचारण्याचा शब्द मात्र कागदावरच राहतो.

ही खोड जुनी आहे

कोरडवाहू शेतकऱ्याला हे नवीन वाटू नये. साठ-सत्तरच्या दशकातली ज्वारीची लेव्ही आपल्या वडिलांनी भोगली आहे. दुष्काळात चार पोती पिकली तरी त्यातले पोते सरकारी भावाने घालायचे. जिल्ह्याबाहेर धान्य नेले तर गुन्हा. कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ पासून तीसएक वर्षे चालली. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी सरहद्दीवर गाडी अडवली जायची. आपल्याच कापसाची आपण चोरटी वाहतूक करीत होतो! शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून आणलेली योजना शेतकऱ्याच्याच गळ्यातला फास झाली.

आणि जुने कशाला, २०२५ चे बघा. परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ ला ते काढले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे पहिली वेचणी घरात यायच्या आधी दार उघडले आणि बहुतेक माल व्यापाऱ्याकडे जाईपर्यंत उघडे ठेवले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या वर्षी ८,११० रुपये जाहीर झाला होता. एकीकडे हमीभावाची पाटी, दुसरीकडे भाव पाडायची सोय. उसाच्या बाबतीत जे पत्र, तेच कापसाच्या बाबतीत हे शुल्क. नळ एकच आहे, फक्त खालची घागर बदलते.

आता घागर धान्याची

कोल्हापूरच्या उसावर बंदी आली तेव्हा इथेनॉलची गरज संपली नव्हती. तेल कंपन्यांना इथेनॉल हवेच होते. मग सरकारने मक्याकडे तोंड वळवले. मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर दिला, सगळ्यांपेक्षा जास्त. मक्याचे भाव चढले. २०२५-२६ च्या वाटपात धान्यापासूनच्या इथेनॉलचा वाटा उसाच्या दुपटीहून जास्त आहे. पेट्रोलमधले इथेनॉल २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले.

मक्याला भाव आला तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी ज्वारी-कापसाची चार एकरे कमी करून मका पेरला. चूक नाही, भाव दिसेल तिकडे शेतकऱ्याने जायचेच. पण मग काय झाले? सरकारी गोदामात तांदूळ साठला होता. २०२५ च्या जानेवारीत तो डिस्टिलऱ्यांना क्विंटलला २,२५० रुपयांनी द्यायचे ठरले, आणि लाखो टनांनी. आता हिशेब करा. २०२४-२५ साठी साध्या भाताचा हमीभाव २,३०० रुपये होता. एक क्विंटल भात कांडला तर तांदूळ निघतो दोन तृतीयांश. म्हणजे भातापेक्षा तांदूळ स्वस्त! ही जादू सरकारच्याच गोदामात होऊ शकते. त्याच वर्षी मक्याचा हमीभाव २,२२५ आणि संकरित ज्वारीचा ३,३७१ होता. रेशनच्या नावाने खरेदी केलेल्या, करदात्याच्या पैशाने पोसलेल्या या तांदळाशी आपल्या मक्याने आणि ज्वारीने स्पर्धा कशी करायची?

ज्वारीचे तर आणखी मासलेवाईक आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे नाव छापलेले आहे. गोड ज्वारीच्या ताटात उसासारखा रस असतो, वर कणीस येते ते खायला आणि चोथा उरतो तो जनावराला. उसाला बारा ते अठरा महिने लागतात, हिला चार. पाणी उसाच्या मानाने कितीतरी कमी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने यावर दीर्घकाळ काम केले आणि मधुरा नावाचे वाण काढले. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटनेही वर्षानुवर्षे संशोधन केले. कोल्हापूरहून फलटण किती लांब? पण सरकारच्या दरपत्रकात उसाच्या रसाला दर, दोन प्रकारच्या मळीला दर, मक्याला दर, खराब धान्याला दर, सरकारी तांदळाला दर. गोड ज्वारीला वेगळा दर नाही. धोरणात नाव आणि दरपत्रकात नाही, म्हणजे लग्नपत्रिकेत नाव आणि पंगतीत पान नाही.

राज्य सरकारनेही एकदा ज्वारीची आठवण काढली होती. २००७ मध्ये ज्वारी, बाजरी, मक्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांसाठी धोरण आणले. कोरडवाहू शेतकऱ्याचे भले होणार म्हणून सांगितले. अनुदान ठरले लिटरला १० रुपये, आणि ते कारखानदाराला. ज्वारीच्या पोत्यावर शेतकऱ्याला एक रुपया नाही. भले कुणाचे झाले हे सांगायला नको.

पऱ्हाटी, ऊन आणि फुकटची वीज

कापूस वेचून झाला की रानात पऱ्हाटी उभी राहते. बोंडअळीच्या भीतीने ती लवकर उपटा म्हणून कृषी खाते सांगते. उपटण्याची मजुरी शेतकऱ्याची, जाळल्याचा दोषही शेतकऱ्याचा. केंद्राच्या ऊर्जा खात्याने २०२१ मध्ये ठरवले की कोळशावरच्या वीज केंद्रांनी कोळशात ५ टक्के काडीकचऱ्याच्या कांड्या मिसळाव्यात. आता आपल्या राज्यातली वीज केंद्रे बघा: पारस अकोल्यात, परळी बीडमध्ये, भुसावळ जळगावात, शिवाय कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर. सगळी कापसाच्या मुलखात किंवा त्याच्या वेशीवर. इंधन बांधावर, भट्टी नजरेच्या टप्प्यात. मधे काय नाही? गावात काडी कापून दाबणारे यंत्र नाही आणि पऱ्हाटीच्या टनाला ठरलेला भाव नाही. कोळशाच्या टनाचा करार वर्षानुवर्षांचा होतो, पऱ्हाटीचा एका हंगामाचाही होत नाही. कडब्याची गोष्ट वेगळी. तो आपल्या गुरांचा घास आहे, तो भट्टीत घालायला आम्ही सांगणार नाही. कुठली काडी विकायची आणि कुठली ठेवायची हे शेतकऱ्याला कळते, त्याला परिपत्रक लागत नाही.

ऊन तर कोरडवाहू मुलखाचे पीकच आहे. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली आहे. खडकाळ रानाला हे पैसे वाईट नाहीत. पण विचार करा, भाडे खाणारा जमीनधारक होणे वेगळे आणि वीज विकणारा उत्पादक होणे वेगळे. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेचा पहिला भाग शेतकऱ्याने स्वतःच्या पडीक जमिनीवर अर्धा ते दोन मेगावॉटचे केंद्र उभारावे आणि वीज विकावी यासाठीच होता. देशाचे लक्ष्य १०,००० मेगावॉट. योजना त्याच्या जवळपासही फिरकली नाही. का? एका मेगावॉटला कोट्यवधी रुपये लागतात. सात-बाऱ्यावर बोजा असलेल्या शेतकऱ्याला बँक दारात उभी करीत नाही, आणि वीज घेणारी कंपनी पैसे कधी देईल याचा भरवसा नाही. शेवटी जमीन आपली आणि धंदा दुसऱ्याचा.

फुकट विजेचेही असेच. २०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली, मार्च २०२९ पर्यंत. ज्याच्याकडे विहीर आहे, मोटार आहे, जोडणी आहे, त्याला मिळाली. ज्याच्या रानात मोटारच नाही त्या कोरडवाहू शेतकऱ्याला फुकट वीज म्हणजे टकल्याला फुकट कंगवा. आणि कोल्हापूरच्या बागायतदाराने तरी काय मागितले होते? २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राजू शेट्टी आणि शेतकरी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणे धरून बसले होते. मागणी फुकट विजेची नव्हती. दिवसा १० तास वीज द्या, रात्री सापा-गव्यांच्या तोंडी आम्हाला पाण्याला पाठवू नका, एवढीच होती. मागितली दिवसाची वीज, मिळाली निवडणुकीची खिरापत.

आमच्यात भांडण लावू नका

आता काही शहाणे म्हणतील, ऊस पाणी पितो, कोल्हापूरवाले तुमचे पाणी पळवतात, त्यांचे इथेनॉल बंद झाले तर तुम्हाला बरेच. ऊस पाणी फार घेतो हे खरे आहे आणि पाण्याच्या वाटपाचे भांडण आम्ही आमच्या घरात भांडू. पण ७ डिसेंबरच्या पत्राने उसाचे एक घमेले पाणी कोरडवाहू रानात आले काय? ऊस तेवढाच राहिला, फक्त त्याचा भाव पाडायची सोय झाली. पाण्याला खरी किंमत लावा, ज्वारीच्या इथेनॉलला खरा भाव द्या, मग कमी पाण्याचे पीक आपोआप जिंकेल. बंदीने ते होत नाही.

दुसरे म्हणतील, अन्न की इंधन? देश उपाशी मरेल. ज्या देशाची गोदामे एवढी भरली की तांदूळ भातापेक्षा स्वस्तात डिस्टिलरीला द्यावा लागला, त्या देशात हा प्रश्न शेतकऱ्याला विचारू नका. गरिबाला धान्य द्यायचे तर सरकारने बाजारभावाने घ्यावे आणि द्यावे. गरिबाच्या ताटाचा खर्च दुसऱ्या गरिबाच्या खळ्यावरून वसूल करू नये. शहरातले गाडीवाले २०२५ मध्ये ओरडले की इथेनॉलने गाडी कमी पळते. ठीक आहे, पंपावर त्यांना निवड करू द्या. निवड त्यांनाही असावी आणि आम्हालाही.

तिसरे म्हणतील, हवामान बिघडले आहे, सगळ्यांनीच त्याग करायला हवा. हवामान बिघडले हे आम्हाला कुणी शिकवायला नको. कोल्हापूर-शिरोळने २०१९ चा आणि २०२१ चा महापूर बघितला. मराठवाडा-सोलापूरने २०२५ च्या सप्टेंबरात सीनाकाठची पिके आणि माती दोन्ही वाहून जाताना बघितली. कापूस झाडावर काळा पडला. ज्याने सगळ्यांत कमी धूर सोडला त्याच्या रानात सगळ्यांत जास्त पाणी आले. जागतिक परिषदांमध्ये आपले सरकार आपल्या लहान शेतकऱ्याकडे बोट दाखवून सवलत मागते. मागावीच. पण तिथून घरी आल्यावर त्याच शेतकऱ्याकडून त्याग मागायचा, हा कुठला न्याय? आता कार्बन क्रेडिटचा बाजार येतो आहे, शेतीसाठीही केंद्राने २०२४ च्या जानेवारीत आराखडा काढला. उद्या गावात कुणी कागद घेऊन येईल, अंगठा मागेल. मराठीत वाचल्याशिवाय, पैसे किती आणि कधी ते लिहून घेतल्याशिवाय आणि करार किती वर्षांचा हे बघितल्याशिवाय कुणीही सही करू नये.

बैठकीत काय ठरवायचे

आमचे म्हणणे एवढेच आहे. शेतकरी ऊर्जा पिकवणार असेल तर त्याला ऊर्जेचा व्यापार करणाऱ्याचे हक्क हवेत. तेल कंपनीचा कारखाना हंगामाच्या मध्यावर पत्र पाठवून कुणी बंद करीत नाही. कोळशाच्या खाणीला कुणी सांगत नाही की शहरात वीज महागेल म्हणून तू निम्म्या भावात विक. मग हा नियम शेतकऱ्यालाच का?

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत पुढील मागण्यांवर चर्चा व्हावी आणि ठराव करून ते आपापल्या खासदाराच्या हातात द्यावेत:

१. हंगाम सुरू झाल्यावर इथेनॉल, साखर, धान्य किंवा कापूस यांवर बंदी, साठामर्यादा किंवा आयात-निर्यातीचा अचानक फेरबदल नको. करायचाच असेल तर संसदेत चर्चा करून, आणि झालेले नुकसान भरून देऊन.

२. इथेनॉलचा दर उसाच्या आणि धान्याच्या भावाबरोबर दरवर्षी बदलावा. गोड ज्वारीला दरपत्रकात स्वतःचा दर मिळावा.

३. सरकारी गोदामातला तांदूळ खरेदीखर्चापेक्षा कमी भावात डिस्टिलरीला देऊन भरड धान्याचा भाव पाडणे बंद करावे.

४. वीज केंद्रांनी पऱ्हाटी आणि तुराट्यांसाठी गावपातळीवर टनाचा भाव पेरणीआधी जाहीर करावा आणि किमान तीन वर्षांचा करार करावा.

५. सौर वीज विकण्याचा परवाना आणि बँकेचे कर्ज शेतकऱ्याला आणि शेतकऱ्यांच्या गटाला आधी. विजेचे पैसे ठरल्या दिवशी, उशीर झाला तर व्याजासह.

६. वीज कायद्यातला कुठलाही बदल संसदेत जाण्याआधी त्याचा मराठी मसुदा ग्रामसभांपुढे यावा.

यातली एकही मागणी भिकेची नाही. अनुदान मागितलेले नाही, कर्जमाफीही यात नाही. चालू बाजारात आमच्या मालाच्या आड येऊ नका, एवढेच सांगितले आहे.

आपल्या तालुक्यातून बैठकीला येताना प्रत्येकाने मागच्या तीन वर्षांतल्या कापूस, ज्वारी आणि मक्याच्या विक्रीच्या पावत्या आणाव्यात. कुठल्या महिन्यात भाव पडला आणि त्या महिन्यात दिल्लीतून कुठला कागद सुटला होता, हे आपण एका फळ्यावर शेजारी शेजारी लिहू. खासदार आले तर त्यांना तो फळा वाचायला लावू. कोल्हापूरचे ऊस उत्पादक आपला हिशेब घेऊन येतील. त्यांना आपल्या पंगतीत बसवा. जाते एकच आहे, आणि त्याचा खुंटा आता आपल्या सगळ्यांना मिळून धरायचा आहे.